मधुमेहाच्या चारशे केसपेपरवर रिग्रेशन करताना

एमडीचा प्रबंध मान्य झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही, हे प्रवेश घेतानाच प्रत्येकाला कळते. त्या प्रबंधातील संख्याशास्त्राचे काम कसे करायचे, हे मात्र बहुतेकांच्या वाट्याला अगदी शेवटी येते आणि तोवर हातात वेळ उरलेला नसतो. मी पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन या विषयात एमडी केले. २०२२ च्या फेब्रुवारीत रुजू झाले आणि २०२४ च्या मध्यावर प्रबंध विद्यापीठाकडे गेला. या काळात रुग्णांच्या नोंदी गोळा करणे, त्या स्वच्छ करणे, त्यांवर रिग्रेशन (एखाद्या परिणामाशी अनेक घटकांचा संबंध एकत्र मोजण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) चालवणे आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ लावणे ही सगळी कामे मी स्वतः केली. ज्यांना हे काम आता करायचे आहे, त्यांच्यासाठी ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने लिहीत आहे.

विषय साधा होता. आमच्या विभागाचे शहरी आरोग्य केंद्र पर्वतीच्या पायथ्याजवळच्या वस्तीत आहे. तिथल्या ओपीडीत टाइप २ मधुमेहाचे जे रुग्ण नियमित उपचार घेतात, त्यांची साखर नियंत्रणात न राहण्याशी कोणते घटक निगडित आहेत, हे पाहायचे होते. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, सादर करण्याआधी गाइड मॅडमनी मला एकच काम दिले. रिग्रेशनमध्ये मी जे जे घटक घालणार होते, त्यांची यादी करून प्रत्येकापुढे ‘हा घटक साखरेवर कोणत्या वाटेने परिणाम करील’ हे एका वाक्यात लिहायचे. ज्या घटकापुढे वाक्य लिहिता आले नाही, तो यादीतून गेला. पुढे दीड वर्षाने संगणकासमोर बसल्यावर या कागदाचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कोणत्याही पुस्तकाचा झाला नाही.

सॅम्पल साइझसाठी आमच्या विषयात ‘चार पी क्यू भागिले एल वर्ग’ हे सूत्र सर्रास वापरतात (पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून उरलेली टक्केवारी आणि एल म्हणजे चालवून घेतलेली चूक). निम्म्या रुग्णांची साखर नियंत्रणात नसेल असे गृहीत धरले आणि ५ टक्के इतकी चूक चालवून घेतली, तर या सूत्रातून ४०० हा आकडा येतो. मात्र हे सूत्र प्रमाण काढण्यासाठी आहे, रिग्रेशनसाठी नाही. रिग्रेशनसाठी किती घटकांचा भार तो नमुना पेलू शकेल, हे वेगळे पाहावे लागते. परिणाम ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा दोन गटांत पाहणाऱ्या लॉजिस्टिक रिग्रेशनसाठी जुना ठोकताळा असा आहे की, दोन गटांपैकी जो गट लहान असेल त्यात प्रत्येक सहगुणकामागे, म्हणजे घटकाचा परिणामाशी संबंध किती हे सांगणाऱ्या रिग्रेशनमधील प्रत्येक आकड्यामागे, किमान १० रुग्ण हवेत. समजा, ४०० पैकी १५० जणांचीच साखर नियंत्रणात असेल, तर १५ सहगुणकांच्या पुढे जाऊ नये. इथे घटक मोजून चालत नाही, सहगुणक मोजावे लागतात. शिक्षणाचे चार स्तर केले की त्या एकाच घटकाचे तीन सहगुणक होतात. हा हिशेब सिनॉप्सिसमध्येच लिहिलेला असला, तर पुढे कुणी ‘हाही घटक घाला’ म्हणाले की दाखवायला कागद असतो.

सिनॉप्सिस आधी विभागात, मग महाविद्यालयाच्या वैज्ञानिक समितीपुढे आणि त्यानंतर एथिक्स कमिटीपुढे गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (‘आयसीएमआर’) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि वैद्यकीय क्षेत्राशी संबंध नसलेली सामान्य व्यक्तीही सदस्य असते. समितीची बैठक ठरावीक काळानेच होत असल्यामुळे एका बैठकीची तारीख हुकली की दीड-दोन महिने जातात. म्हणून अर्जाच्या प्रती, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, मराठी आणि इंग्रजी संमतीपत्रे आणि माहिती गोळा करण्याचा प्रोफॉर्मा हे सगळे बैठकीच्या पंधरा दिवस आधी तयार ठेवावे. माझ्या मराठी माहितीपत्रकावर सामान्य सदस्याने हरकत घेतली, कारण त्यातील वाक्ये शासकीय परिपत्रकासारखी होती. ‘आपला सहभाग ऐच्छिक आहे’ याऐवजी ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या औषधोपचारात काहीही फरक पडणार नाही’ असे लिहा, असे त्यांनी सुचवले. ती सूचना योग्यच होती आणि नंतर संमती घेताना ती मला रोज उपयोगी पडली.

समितीचा दुसरा मुद्दा खर्चाचा होता. केवळ संशोधनासाठी केलेल्या तपासणीचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. त्यामुळे उपचाराचा भाग म्हणून जी एचबीएवनसी ही मागील काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी आधीच झालेली आहे, तीच वापरायची असे ठरले. खर्च वाचला खरा, पण या निर्णयाचा विश्लेषणावरही परिणाम झाला. तो पुढे सांगते. मंजुरीचे पत्र २०२२ च्या डिसेंबरात हातात पडले. दरम्यान ‘आयसीएमआर’च्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन मूलभूत अभ्यासक्रम मी पूर्ण केला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो सक्तीचा आहेच, पण केवळ प्रमाणपत्रासाठी तो उरकू नये. संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा यावरील त्यातील व्याख्याने सुरुवातीलाच ऐकलेली बरी.

माहिती गोळा करण्याचे काम २०२३ च्या जानेवारीत सुरू झाले. मधले तीन महिने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीच्या असलेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमात (जिल्हा रुग्णालयातील कामात) पुण्याबाहेर गेले, त्यामुळे ते वर्षअखेरपर्यंत लांबले. वेळापत्रक आखताना हे तीन महिने आधीच वजा करावेत.

या काळात जे शिकायला मिळाले, ते संख्याशास्त्राच्या वर्गात कुणी सांगत नाही. केसपेपरवरचा प्रत्येक आकडा कुणीतरी, कधीतरी, कशाने तरी मोजलेला असतो, आणि तो कसा मोजला गेला हे कळल्याशिवाय त्यावर कोणतेही गणित करू नये. वयाचेच घ्या. पहिल्या शंभर नोंदी झाल्यावर मी वयाचा आलेख काढला, तेव्हा ५०, ५५, ६० आणि ६५ या आकड्यांवर उंच सुळके उभे होते आणि मधली वये जवळजवळ रिकामी होती. रुग्ण वय अंदाजाने सांगतात आणि अंदाज पाचाच्या पटीत येतो. त्यानंतर ज्येष्ठ रुग्णांना मी निराळे प्रश्न विचारू लागले. पानशेत फुटले तेव्हा तुम्ही केवढे होता, शाळेत जात होता का, की आईच्या कडेवर होता? १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यात वाढलेल्या माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही. गावाकडून आलेल्यांसाठी १९७२ चा दुष्काळ होता. एका आजींनी केसपेपरवर ६० वर्षे लिहिली होती. पुराच्या वेळी आपण सहा-सात वर्षांच्या होतो आणि वडिलांनी खांद्यावर घेऊन पर्वतीवर नेले होते, हे त्यांनी सांगितले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या जवळ गेले.

कमरेचा घेर मोजायला शिवणकामाची कापडी टेप वापरू नये, ती वापराने ताणली जाते. न ताणणारी टेप दीड-दोनशे रुपयांत मिळते. सर्वात खालच्या बरगडीची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, साडीची निरी किंवा पट्टा बाजूला करून मोजावे लागते. स्त्री रुग्णांसाठी सोबत सिस्टर आणि पडदा हवा. गर्दीच्या ओपीडीत यासाठी प्रत्येकी पाच-सात मिनिटे जातात. घेर मोजण्याचा आग्रह गाइड मॅडमचा होता आणि त्याला पुण्याचेच कारण होते. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा दीर्घ अभ्यास केला. इथली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कितीतरी हलकी असूनही त्यांच्या अंगातील चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते, हे त्यातून पुढे आले. केवळ वजन आणि उंची पाहून आपल्याकडच्या रुग्णाचा धोका ठरवता येत नाही, हे ज्या शहरात दाखवून दिले गेले, तिथे बसून फक्त बीएमआयवर काम भागवणे मला स्वतःलाही पटले नसते.

एचबीएवनसीच्या बाबतीतही असेच आहे. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे हा आकडा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल, तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आमच्या वस्तीतील स्त्रियांमध्ये ॲनिमिया खूप आढळतो, म्हणून हिमोग्लोबिनची नोंद आणि लॅबमधील तपासणीची पद्धत हे दोन रकाने प्रोफॉर्मात घातले होते. ते नसते, तर स्त्रियांची साखर पुरुषांपेक्षा कमी नियंत्रणात आहे असा निष्कर्ष काढताना मला काहीच शंका आली नसती.

मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या नोंदींचा एकत्रित तक्ता, तयार करताना नावे, फोन नंबर आणि केसपेपर क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून ठेवले. विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त सांकेतिक क्रमांक होता. स्वच्छतेला दोन महिने लागले. कुठे उंची फूट-इंचांत होती, कुठे सेंटिमीटरमध्ये, कुठे ७.२ चे ७२ झाले होते. शंकास्पद वाटणारा प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहिला आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती तारखेसह एका वहीत लिहिली. अशी वही प्रत्येकाने ठेवावी.

गाळलेल्या रकान्यांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. ज्यांची एचबीएवनसी मागील सहा महिन्यांत झालेलीच नव्हती, ते रुग्ण कोण होते हे पाहिले, तर बहुतेक जण कधीतरीच येणारे, रोजंदारीवर जाणारे होते. म्हणजे ज्यांची साखर बिघडलेली असण्याची शक्यता अधिक, त्यांचाच आकडा आमच्याकडे नव्हता. एथिक्स कमिटीच्या अटीमुळे नवीन तपासणी करता येत नव्हती. अशा वेळी अपुऱ्या नोंदी सरळ वगळल्या, तर उरलेला नमुना नियमित येणाऱ्यांचा होतो आणि उत्तर खऱ्यापेक्षा बरे दिसते. मी दोन्ही गटांची तुलना एका स्वतंत्र तक्त्यात दिली आणि मल्टिपल इम्प्युटेशन (गाळलेले आकडे इतर नोंदींवरून अनेकदा अंदाजाने भरण्याची पद्धत) वापरून केलेले विश्लेषणही शेजारी मांडले. परीक्षकांपैकी एकांनी नेमके याच तक्त्याविषयी विचारले.

विश्लेषण २०२४ च्या जानेवारीत सुरू केले. बाहेर हे काम करून देणारे लोक आहेत आणि त्यासाठी दहा-पंधरा हजार रुपये सहज मागितले जातात. सल्ला जरूर घ्यावा, पण आकडे देऊन तक्ते आणायचे असे करू नये, कारण तोंडी परीक्षेत उत्तरे आपल्यालाच द्यायची असतात. मी ‘आर’ हे सॉफ्टवेअर वापरले. ते मोफत आहे आणि त्याचा मोठा फायदा असा की, दिलेल्या सगळ्या आज्ञा एका फाइलमध्ये राहतात. एखादी नोंद दुरुस्त झाली की तीच फाइल पुन्हा चालवायची, तक्ते नव्याने तयार होतात. ज्यांना आज्ञा लिहिणे जमत नाही, त्यांच्यासाठी ‘जामोवी’ हाही मोफत पर्याय आहे.

पहिला निर्णय असा होता की, एचबीएवनसी आकडा म्हणूनच ठेवायची की ७ टक्क्यांवर कापून ‘नियंत्रित’ आणि ‘अनियंत्रित’ असे दोन गट करायचे. गट केले की तक्ता सुटसुटीत दिसतो. पण मग ६.९ आणि ७.१ हे रुग्ण वेगवेगळ्या गटांत जातात आणि ७.१ व १३ हे एकाच गटात बसतात. ओपीडीत बसलेला कोणताही डॉक्टर या दोघांना सारखे मानणार नाही. म्हणून मुख्य विश्लेषण आकडा आहे तसाच वापरणाऱ्या लिनिअर रिग्रेशनने केले आणि सिनॉप्सिसमध्ये लिहिले होते म्हणून लॉजिस्टिकही दिले. लॉजिस्टिकचा ऑड्स रेशो (एका गटातील ‘आहेत’ भागिले ‘नाहीत’ हे प्रमाण दुसऱ्या गटातील तशाच प्रमाणाच्या किती पट आहे) वाचताना फार जपावे लागते. समजा, अनियमित रुग्णांपैकी ६० टक्के अनियंत्रित आहेत आणि नियमितांपैकी ४० टक्के. प्रमाण दीडपट आहे, पण ऑड्स रेशो २.२५ येतो. ‘धोका सव्वादोन पट’ असे लिहिले, तर ते सरळ चुकीचे ठरते. परिणाम विरळ असेल तेव्हा हे दोन आकडे जवळ येतात; मधुमेहाच्या नियंत्रणासारख्या सर्रास दिसणाऱ्या गोष्टीत येत नाहीत.

पहिले संपूर्ण मॉडेल चालवल्यावर जो तक्ता आला, त्यात सर्वांत मोठा सहगुणक इन्सुलिनचा होता आणि तो अधिक चिन्हाचा होता. म्हणजे वय, वजन, आजाराचा कालावधी सारखा असलेल्या दोन रुग्णांपैकी इन्सुलिन घेणाऱ्याची एचबीएवनसी जास्त. पी व्हॅल्यू (खरा संबंध नसताना केवळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता) इतकी लहान होती की, आकड्यांकडेच पाहणाऱ्याला तो या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष वाटावा. त्या क्षणी मला ओपीडीतील एक काका आठवले. इंजेक्शन सुरू करू या म्हटल्यावर ते म्हणाले होते, “मॅडम, आमच्या चाळीत ज्यांना ज्यांना इंजेक्शन लागलं, त्यांची शुगर वाढतच गेली. मला गोळ्याच द्या.” काकांनी चाळीत जे पाहिले होते, तेच माझे मॉडेल सांगत होते, आणि दोघांच्याही निरीक्षणात खोट नव्हती. खोट त्यातून काढलेल्या अर्थात होती. इन्सुलिन दिले जाते तेच मुळी गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नाही म्हणून. औषध आणि वाढलेली साखर एकत्र दिसतात, कारण वाढलेली साखर पाहूनच ते औषध निवडलेले असते. याला संख्याशास्त्रात उपचाराच्या कारणामुळे होणारे कन्फाउंडिंग म्हणतात आणि मॉडेलमध्ये आणखी चार घटक घालून ते जात नाही, कारण इन्सुलिन सुरू करण्याच्या दिवशीची साखर आपल्या नोंदीतच नसते. प्रबंधात मी तो सहगुणक लपवला नाही. त्याखाली एक पूर्ण परिच्छेद लिहून तो औषधाचा परिणाम का मानता येत नाही, हे स्पष्ट केले. काकांनाही तेच त्यांच्या भाषेत समजावून सांगितले होते, की आग लागलेल्या घरापुढेच बंब उभा दिसतो. त्यांनी महिनाभर विचार करून होकार दिला.

कमरेचा घेर आणि बीएमआय एकत्र घातल्यावर दोन्हींचे सहगुणक डळमळीत झाले आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल (अंदाज कुठून कुठपर्यंत असू शकतो हा पल्ला) रुंदावले, कारण दोन्ही आकडे बरेचसे एकच गोष्ट सांगतात. घटक एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे सांगणारा ‘व्हीआयएफ’ हा निर्देशांक अशा वेळी पाहावा. मी घेर ठेवला.

त्यानंतरचा पेच शिक्षणाचा होता. एकटे शिक्षण घातले, तर त्याचा साखरेशी संबंध स्पष्ट दिसत होता. ओपीडीतील नियमितपणा सोबत घातल्यावर तो निम्म्याहून कमी झाला. एका सल्लागारांनी शिक्षण वगळा असे सुचवले. पण सुरुवातीच्या त्या कागदावर मी लिहून ठेवले होते की, शिकलेल्या रुग्णाला पुढची तारीख वाचता येते आणि पाठपुराव्याचे महत्त्व कळते म्हणून तो नियमित येतो. म्हणजे नियमितपणा ही शिक्षणाच्या परिणामाची एक वाटच होती. ती वाट गणिताने बंद केल्यावर परिणाम कमी दिसणारच. एकाच मॉडेलच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ सारख्याच अर्थाने वाचता येत नाही, हे मला इथे पक्के समजले. म्हणून शिक्षणासाठी आणि नियमितपणासाठी दोन वेगळी मॉडेल दिली. संगणकाला घटक आपोआप निवडू देणारी स्टेपवाइज पद्धत मी वापरली नाही, कारण संगणकाला हा कागद वाचता येत नाही.

आर-स्क्वेअर, म्हणजे रुग्णारुग्णांतील फरकाचा मॉडेलने उलगडलेला वाटा, एक चतुर्थांशही आला नाही, तेव्हा मी खूप अस्वस्थ झाले होते. मॅडम म्हणाल्या, “अगं, माणूस घरी काय खातो, किती झोपतो, कसल्या काळजीत असतो, यातलं काही तू मोजलंयस का? मग सगळा फरक तुझ्या दहा रकान्यांतून कसा कळेल?” रुग्णांच्या माहितीत हा आकडा लहान येणे नेहमीचे आहे. त्यापेक्षा रेसिड्युअलचे, म्हणजे प्रत्यक्ष आकडा आणि मॉडेलने सांगितलेला आकडा यांतील फरकाचे, आलेख पाहणे महत्त्वाचे. माझ्या आलेखात एका बाजूला पंखा पसरल्यासारखे ठिपके दिसत होते, म्हणून एचबीएवनसीचा लॉगरिदम घेऊन विश्लेषण पुन्हा केले. निष्कर्षांची दिशा तीच राहिली.

लेखनासाठी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘स्ट्रोब’ ही निरीक्षणात्मक अभ्यासांच्या लेखनासाठीची २२ मुद्द्यांची तपासणी यादी समोर ठेवली. अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी प्रबंध सादर करावा लागत असल्याने मे महिन्यात साहित्यचोरीचा अहवाल काढला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण पद्धतीच्या प्रकरणातील ठरावीक वाक्येही त्यात मोजली जातात, म्हणून ते प्रकरण पुन्हा स्वतःच्या शब्दांत लिहावे लागले. सदाशिव पेठेतील बाइंडिंगच्या दुकानांत मुदतीच्या आठवड्यात मोठी रांग असते, तेव्हा पानांचा क्रम लावून आठ दिवस आधी जावे. रंगीत आलेखांची पाने धरून प्रत्येक प्रतीला सहाशे-सातशे रुपये पडले. संमतीपत्रांच्या झेरॉक्ससह एकूण खर्च दहा हजारांच्या आत राहिला.

प्रबंध मान्य झाल्याचे ऑक्टोबरात कळले. आकड्यांतून सर्वांत ठळकपणे पुढे आलेला आणि आपल्या हातात असलेला घटक म्हणजे दोन भेटींमधील अंतर. आमचा अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या नोंदींचा असल्यामुळे भेटी चुकल्याने साखर बिघडते, असे सिद्ध झाले असे मी लिहिलेले नाही. साखर बिघडलेला रुग्ण कंटाळून येणे सोडतो, हेही तितकेच शक्य आहे. तरीही केंद्रावर आता पुढची तारीख केसपेपरवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहितात आणि तारीख उलटलेल्या रुग्णांची यादी दर शनिवारी आशाताईंकडे जाते. या यादीतील रुग्णांच्या पुढच्या वर्षभराच्या नोंदी हा माझ्यानंतर आलेल्या ज्युनिअरचा प्रबंधाचा विषय आहे, आणि त्यात इन्सुलिन सुरू करण्याच्या दिवशीची एचबीएवनसी हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवला आहे.